आवड : चित्रकला, सुधारणा : अक्षर

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि महाराष्ट्रातल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या नशिबी टक्क्यांऐवजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला 70 गुण, सत्राअखेरच्या संकलितला 30. प्रगतिपुस्तकावर 'अ-1'पासून 'इ-2'पर्यंत नऊ श्रेणी.

खरी गंमत वर्णनात्मक नोंदींची. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून विशेष प्रगती, आवड-छंद आणि आवश्यक सुधारणा, असे रकाने शिक्षकांनी भरायचे. जनगणना, मतदारयादी आणि पोषण आहाराचा हिशेब यांतून सवड काढून, अर्थातच! मग तयार नोंदींची पीडीएफ गटागटांतून फिरते. परिणामी अख्खा वर्ग 'परिपाठात उत्साहाने सहभागी होतो' आणि निम्म्या वर्गाचं 'अक्षर सुधारणे आवश्यक' ठरतं. मुलींच्याही नोंदीत 'होतो' तसंच राहतं, एवढंच काय ते वेगळेपण.

पालकही काही कमी नाहीत. सही करण्याआधी त्यांचा एकच प्रश्न : "ते सगळं ठीक आहे, पण बाई, वर्गात नंबर कितवा?"

2023 मध्ये शासनाने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्याला पुनर्परीक्षा, तिथेही घसरला तर त्याच वर्गात मुक्काम. मूल्यमापन म्हणजे काय, हे बऱ्याच पालकांना तेव्हा एका फटक्यात कळलं.