अण्णांची लारी

मुरुडला अण्णांच्या सुपारीच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. पण तिथली खरी बघण्याची वस्तू म्हणजे काकूंच्या पदरावरचा ब्रोच. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा करून दमलेली मंडळी जेवायला बसली, की सोलकढीच्या आधी अण्णा ब्रोच पुढे करतात. म्हणजे काकूंनाच पुढे करतात.

"ओळखा पाहू!"

चांदीची जाड तार, मधोमध दुमडलेली, ठसा मारून चपटी केलेली, वर फारसी अक्षरांचे तुकडे. कोणीतरी "हेअरपिन" म्हणतंच. अण्णांना तेच हवं असतं.

"लारी! आदिलशाही नाणं आहे हे!"

मग इराणातल्या लार शहरापासून सुरुवात. हुर्मुझच्या व्यापाऱ्यांबरोबर लारी चौल-दाभोळला उतरली. 17व्या शतकात विजापूरच्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. इथवर सगळं बरोबर असतं. पुढे अण्णा पाहुण्याचं गाव विचारतात. पुणेकर निघाला, तर ही लारी पद्मदुर्गाच्या बांधकामावर मजुरीत मिळालेली असते. मुंबईकर असेल, तर सिद्दीच्या खजिन्यातली. गोवेकर आला, तर रेवदंड्याच्या पोर्तुगीज कप्तानाची.

एकदा एक नाणेसंग्राहक उतरले होते. ब्रोच उलटा करून ते कळवळले, "अहो, मागे पिनेला डाग दिलात! नाण्याची किंमत गेली!"

"पेटीत होती तेव्हा किंमत होती, पण बघत कोण होतं?" अण्णा म्हणाले. "आणि आपल्या आज्यांनी व्हेनिसच्या डुकाटांना कड्या लावून पुतळ्यांची माळ केली, तेव्हा कुणाला विचारलं होतं? नाण्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलाय. आमच्या आजीने त्यालाही हळदकुंकू वाहिलं."

संग्राहकांनी निमूटपणे आणखी एक मोदक घेतला.

अण्णांची खरी परीक्षा पाहिली ती एका वकीलसाहेबांनी. त्या दिवशी लारी "वाडीत माड लावताना सापडली" होती.

"1878चा कायदा आहे," वकील म्हणाले. "जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं घबाड सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं."

"सापडली म्हणजे काय, सासऱ्यांच्या पेटीत सापडली," अण्णांनी माड तिथल्या तिथे उपटला. "आता लेकीला दुबईला पाठवायची आहे."

"शंभर वर्षांवरचं नाणं? 1972च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही."

"शंभर कुठली! मागच्या दिवाळीत अलिबागच्या सोनाराकडून घडवून घेतली."

काकूंच्या हातातली वाढणी थांबली. "अहो, माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली आहे ती!"

"तू भात वाढ."

वकीलसाहेबांनी शांतपणे पाकीट काढलं. "नवीच आहे म्हणता, तर चांदीच्या भावाने मला द्या. वर सोनाराची मजुरी देतो."

अण्णा ताडकन उभे राहिले. "साडेतीनशे वर्षांची वस्तू आहे, वकीलसाहेब! भाव कसले करता?"