लंका पुण्याहून जवळ

बायकोला माहेरी, पुण्याला जायचं होतं. मी नकाशा उघडून सिद्ध केलं की बेंगळुरूहून पुणे हवाई अंतराने सुमारे ७२० किलोमीटर आणि कोलंबो ७१०. मुंबई तर आठशेच्याही पलीकडे. कोलंबोत तिचा धाकटा भाऊ नोकरीला. म्हणजे माहेरही साधलं आणि दहा किलोमीटर वाचले! सासऱ्यांना फोनवर हे सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ आवाजच येईना. पुण्यापेक्षा दुसरं काही सरस निघू शकतं, हे ऐकायची त्या घराला सवय नाही.

विमान दुपारचं. उड्डाण जेमतेम दीड तासाचं. घड्याळही बदलायला नको. २००६ पासून श्रीलंकेची वेळ आपलीच. "हे जयनगरला जाऊन आल्यासारखं," असं म्हणत मी सकाळी विद्यार्थी भवनात दुसरा मसाला डोसा मागवला. अंतर, वेग, वेळ सगळं हिशेबात धरलं होतं. फक्त पंचांग पाहिलं नव्हतं. कार्तिकातला शेवटचा सोमवार होता.

"परिषे, सार. रोड बंद," टॅक्सीवाला म्हणाला.

शेतातला भुईमूग फस्त करणाऱ्या नंदीला खूश ठेवण्यासाठी दोड्ड बसवण्णाला शेंगा वाहायच्या, अशी ही जुनी जत्रा. बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीगच ढीग आणि त्यांतून बॅगा डोक्यावर घेऊन वाट काढणारे आम्ही दोघं. तशातही मी शेंगांची पुडी घेतली. मेहुण्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

बरं, विमानतळ २००८ पासून देवनहळ्ळीला. म्हणजे दक्षिणेच्या लंकेला जाण्यासाठी आधी चाळीसेक किलोमीटर उत्तरेला जायचं. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या गोगलगायीलाही लाजवतील अशा सरकत होत्या. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तोंड उत्तरेलाच आहे तर असेच पुढे जाऊ या ना. पुणे लागेलच."

काउंटर बंद होता होता पोचलो. धावताना पुडी फुटली आणि सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर माझ्या पट्ट्या-पाकिटामागून शेंगा एकेक करत बाहेर आल्या. तिथल्या जवानाने त्या अत्यंत गंभीरपणे एका ट्रेमध्ये गोळा करून दिल्या. मारुतीने शंभर योजनं समुद्र ओलांडला म्हणतात, पण त्याला कमरेचा पट्टा काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं धावून विमान उशिरा सुटलं. उत्तरेकडून वळून दक्षिणेला निघालं, तर खिडकीखाली पुन्हा बेंगळुरूच! मी बायकोला समजावू लागलो, की जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं, तरी इथे सरासरी पाचशेसुद्धा पडत नाही, कारण अर्धा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो. मोठ्या अंतरावर हे खपून जातं, छोट्या अंतरावर... ती झोपली होती. पलीकडचे गृहस्थ मात्र जागे होते, आणि त्यांना मराठी येत होतं हे मला उतरताना कळलं.

विमान उतरलं ते कातुनायकेला. कोलंबो तिथून आणखी तीसेक किलोमीटर. मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, तिथेच थांबा." बाकावर बसून आम्ही त्याच्या शेंगा संपवल्या. बाहेर अंधार पडू लागला होता. बायकोने पुण्याला फोन लावला.

"आई, पोचलो गं. हो, अगदी जवळ आहे. सकाळी निघालो, दिवेलागणीला विमानतळावर आहोत. नाही गं, अजून घरी नाही. हे आहेत ना, विचार त्यांनाच."

आणि तिने फोन माझ्या हातात दिला.