लिटरली म्हणजे नक्की किती?

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. "मामा, घरात लिटरली पाणी शिरलंय." बदलापूरला तळमजल्यावर दोन मैत्रिणींसोबत राहते ती. मी म्हटलं, "मग फडकं मार आणि झोप." बाथरूम तुंबलं असणार, असं मी धरून चाललो. कारण त्याच दिवशी सकाळी ती लोकलच्या गर्दीत लिटरली मेली होती, दुपारी भुकेने लिटरली मेली होती आणि संध्याकाळी साहेबांनी तिला लिटरली खाल्लं होतं. चौथं लिटरली मी कानाआड केलं. दहा मिनिटांनी व्हिडिओ आला. पलंगाच्या कडेला लागलेलं गढूळ पाणी, त्यात तरंगणारी बादली, चपला, आणि पलंगावर लॅपटॉप छातीशी धरून बसलेल्या तिघी.

माझं चुकलंच, ते मी तिला सांगितलं. पण त्या शब्दावरचा राग काही जात नाही.

या शब्दाचं काम साक्ष देण्याचं आहे. मी वाढवून सांगत नाही, घडलं तेवढंच सांगतो, अशी ग्वाही त्यात असते. लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर; आपला 'अक्षरशः' नेमका त्याच घडणीचा. आता या साक्षीदाराला रोज दहा वेळा खोटं बोलायला उभं केलं, तर ज्या रात्री खरंच पाणी शिरतं त्या रात्री त्याचं कोण ऐकणार?

हे खूळ आजच्या पोरांनी काढलेलं नाही. इंग्रजीत ते अडीचशे वर्षांचं तरी आहे. फ्रान्सिस ब्रुकच्या १७६९च्या कादंबरीत सापडतं, पुढे डिकन्स, मार्क ट्वेन, जॉइस अशा थोरामोठ्यांनीही तो शब्द तसाच सैल वापरला. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरने हा अतिशयोक्तीचा अर्थ १९०९ सालीच कोशात घेतला. 'व्हेरी'चंही तेच झालं. जुन्या फ्रेंचमधला 'खरा' या अर्थाचा तो शब्द, झिजून झिजून नुसता 'फार' उरला. आणि आपला 'अक्षरशः' तरी कुठे सोवळ्यात आहे? कलाकाराला प्रेक्षकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं, असं आपण बिनदिक्कत छापतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माणसं अक्षरशः कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेली. या वाक्यात तो शब्द हवा. असल्या वाक्यांसाठीच तो राखून ठेवायला हवा होता.

नुसता जोर हवा असेल, तर मराठीत त्याची कमी आहे का? मरणाची गर्दी, मरणाचा उकाडा, मरणाची भूक. लय दमलो, जाम वैतागलो, पार गळून गेलो. यातला एकही शब्द खरेपणाची शपथ घेत नाही. मरणाची भूक लागली म्हटल्यावर कोणी डॉक्टरला बोलवत नाही, पान वाढायला घेतात. ऐकणाऱ्याला माप ठाऊक असतं.

आणि याहून मोठं धन वेगळंच आहे. केस काळेभोर असतात, ढग काळेकुट्ट, तेल लावून चमकणारी म्हैस काळीकुळकुळीत. तिन्ही काळेच, पण भोर म्हणताना जीव जडलेला असतो, कुट्ट म्हणताना धास्ती असते, कुळकुळीत म्हणताना हात फिरवावासा वाटतो. रागाने चेहरा लालबुंद होतो, पोपटाची चोच लालचुटुक, डोळ्यांत खुपणारी साडी लालभडक. सदरा पांढराशुभ्र, पण भीतीने उडालेला चेहरा पांढराफटक. शेत हिरवंगार, चुडा हिरवाकंच. हे शब्द तोंडात यायला वस्तूकडे एकदा बघावं लागतं आणि ती आपल्याला कशी वाटते हे ठरवावं लागतं. लिटरलीला बघावं लागत नाही. तो रंगालाही चालतो, तापालाही, ट्रॅफिकलाही. 'लिटरली ब्लॅक होतं रे' असं कोणी सांगितलं, तर मला केस दिसत नाहीत की ढग.

परक्या शब्दाशी माझं वैर नाही. 'पिवळाजर्द'मधला जर्द फारसी आहे, त्याचा मूळ अर्थच पिवळा. जर्दाळूत बसलाय तोही तोच. तो आला, पिवळ्याच्या शेजारी बसला आणि आपला झाला. लिटरलीही यावा की, पण येऊन काहीतरी काम करावं. सध्या तो दुसऱ्यांची कामं बंद पाडतोय. तिखटजाळ, गोडमिट्ट, थंडगार, कोरडाठाक हे शब्द मी माझ्या आईच्या तोंडून दिवसाला वीसदा ऐकले. भाचीच्या तोंडून वर्षात एकदाही नाही. तिला ते येत नाहीत असं नाही. ऐकले की कळतात, हसतेही. पण लिटरली आधी पोचतो आणि बाकीचे दारातच राहतात.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी बदलापूरला गेलो. गाद्या बाहेर कठड्यावर टाकलेल्या, खोलीभर ओल्या मातीचा वास. तिने मला भिंतीपाशी नेलं. चुन्यावर चिखलाची सरळ रेघ उठली होती. ती रेघेला लागून उभी राहिली, वाकून गुडघ्यावर आडवा पंजा ठेवला आणि म्हणाली, "गुडघ्याच्या वर चार बोटं, मामा. बर्फासारखं गार. आणि आवाज अजिबात नाही, चोरासारखं आलं."