वडखळला हॉर्न, चिपळूणला वायपर

गणपतीच्या तोंडावर पनवेल सोडून कोकणाकडे निघालेल्या गाडीत मखर असतं, मखराचं मोजमाप चुकलं म्हणून धुसफुसणारे काका असतात, पोटात ढवळू नये म्हणून आवळासुपारी असते आणि डॅशबोर्डखाली, कुणाच्याच खिजगणतीत नसलेला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम, नावाचा एक डबा असतो. वडखळ नाक्यापर्यंत त्याचं कुणी नावही काढत नाही. मग हॉर्न आपोआप वाजतो आणि पुढच्या गाडीतले लोक मागे वळून खाऊ की गिळू असं बघतात. कोलाडला आतला दिवा लुकलुकतो, महाडला सेंट्रल लॉक आपल्याच मर्जीने उघडझाप करू लागतं आणि चिपळूण येईपर्यंत वायपर ऐन सरीत हात टेकतात. कुडाळ गाठेस्तोवर गाडीतल्या सगळ्यांचं एकमत झालेलं असतं: बीसीएम गेला! कोकणच्या वाटेवर एका कुटुंबाचं एकमत होणं हीच मुळात दुर्मीळ घटना, आणि ते बहुधा चुकीचं असतं. माझं म्हणणं एवढंच की बीसीएम दोषी आहे की नाही याचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार खुद्द रस्ताच आहे, आणि आपण नेमकी त्याचीच साक्ष काढत नाही. राष्ट्रीय महामार्ग 66, म्हणजे पूर्वीचा 17, याचं रुंदीकरण 2011 च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावीच्या वयाला पोचली. इतक्या वर्षांत या रस्त्याने गाड्यांची जेवढी परीक्षा घेतली, तेवढी कुठल्या गॅरेजने घेतली असेल असं वाटत नाही.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत दिव्याचं बटण दाबलं की वीज फ्यूज आणि बटणातून थेट दिव्याकडे जायची. आजच्या गाडीत बटण म्हणजे नुसता अर्ज. तो अर्ज बीसीएम नावाच्या हेडक्लार्ककडे जातो. साहेब चावी ओळखीची आहे का, दार लागलंय का, बॅटरीत दम आहे का, हे बघतात आणि मगच दिव्याला मंजुरी देतात. इंडिकेटर, वायपर, काचा, कुलपं, कित्येक गाड्यांत चावीची ओळखपरेडसुद्धा याच टेबलावरून होते. इंजिन, एअरबॅग, ब्रेक या बाकीच्या खात्यांशी पत्रव्यवहार दोन पीळ घातलेल्या तारांवरून चालतो. ती कॅन नावाची पद्धत जर्मनीच्या बॉशने 1986 साली डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या मेळाव्यात मांडली. यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘त्यापेक्षा पद्मिनीच बरी होती.’ दुरुस्तीपुरती होती, हे मान्य. पण आज आपण दर दारातून काच, आरसा, कुलूप, दिवा आणि स्पीकर मागतो. या सगळ्यांना जुन्या पद्धतीने स्वतंत्र तारा ओढल्या असत्या तर वायरिंगचा जुडगा मनगटाएवढा झाला असता आणि त्यातला एक धागा तुटला की शोधणाऱ्याचा गणपती डॅशबोर्डखालीच पार पडला असता.

आता रस्त्याची साक्ष. नागोठणे-कोलाडच्या खड्ड्यांत आदळलं की दिवा लुकलुकतो आणि सपाट डांबरावर शहाण्यासारखा वागतो, तर संशय लूज काँटॅक्टवर घ्यायचा: ढिला कपलर, बॅटरीचं सैल टर्मिनल, गंजलेलं अर्थिंग. बीसीएमच्या आतला टाकाही कधीकधी खड्ड्याने सुटतो, नाही असं नाही. पण आधी बाहेरचं बघावं, ते फुकट असतं. परशुराम घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की हॉर्न गप्प आणि दुसऱ्या बाजूला वळवलं की बोलका, असं असेल तर बीसीएमचा काही संबंध नाही. स्टिअरिंगखाली गुंडाळलेली स्पायरल केबल तुटत आली आहे. ब्रेक दाबल्यावर मागचे इंडिकेटर मिणमिणत असतील तर ते भूत नव्हे. मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलंय, म्हणून वीज परतीची वाट शोधत शेजारच्या दिव्यातून जातेय. काच दार उघडं असताना चालते आणि लावल्यावर अडते, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटलेली असण्याची शक्यता दांडगी. वाटेत चहासाठी, वड्यासाठी आणि चहानंतरच्या चहासाठी ते दार जितक्या वेळा उघडतं, त्याचा तो हिशेब आहे.

पण या वाटेवर सर्वांत बोलका साक्षीदार पाऊस. काचेखालच्या जाळीत आंब्याफणसाची पानं अडकतात, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी दुसरी वाट काढत डॅशबोर्डखाली उतरतं. बहुतेक गाड्यांत बीसीएमचा मुक्काम तिथेच कुठेतरी असतो. छतात सनरूफ असेल तर त्याच्या नळ्याही खांबातून खाली येतात, म्हणजे हौसेला आणखी एक गळती. कशेडी उतरताना कळ येते, उन्हात दुपारभर गाडी उभी राहिली की निवळते आणि पुढच्या सरीला पुन्हा उठते, असा क्रम दिसला तर पायाखालची चटई उचलून हात लावून बघावा. ओली असेल तर अर्धं निदान झालं. कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशी दिसली तर उरलेलंही झालं. उंदीर हा आणखी एक सहप्रवासी. गावी अंगणात गाडी उभी राहिली की तो बोनेटखाली बिऱ्हाड करतो आणि तारा कुरतडतो. त्याच्यावर मात्र बीसीएमएवढा संशय कुणी घेत नाही, कदाचित गणपतीच्या दिवसांत त्याला दुखवायचं नसतं म्हणून.

इथे स्कॅनरवाला मध्ये पडतो. ‘यंत्रच सांगतंय ना, यू 0140, बीसीएमशी संपर्क तुटला. मग वाद कसला?’ आक्षेप वजनदार आहे, कारण यंत्र खोटं बोलत नाही. फक्त ते काय बोललं हे नीट ऐकलं पाहिजे. संपर्क तुटला, एवढंच ते सांगतंय. तो का तुटला याबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही. बीसीएमला वीज मिळाली नाही, अर्थ मिळाला नाही, मधली तार तुटली, तरी कोड तोच. लांज्यात फोन लागत नाही म्हणून फोन बदलणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. म्हणून मल्टिमीटर हातात घ्यावा. विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्टर फिरताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर सगळी खाती एकदम बडबडू लागतात आणि आळ हेडक्लार्कवर येतो. दिवे चालू ठेवून बीसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजलं तर 0.2 व्होल्टपेक्षा जास्त तूट नसावी. नुसत्या टेस्टरने ‘वीज आहे’ म्हणणं पुरत नाही. एका धाग्यावर लटकलेली तारही भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग बॅटरी सोडून स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटात 6 आणि 14 या पिनांमध्ये रोध मोजावा. कॅनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून सहसा उत्तर 60 येतं. 120 आलं तर एक टोक हरवलं, शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्या. एवढं करायला चहा निवण्याइतकाच वेळ लागतो.

हे सगळं ठीक निघालं, बटण दाबल्याची नोंद स्कॅनरवर दिसली, बीसीएमने आदेश सोडल्याचंही दिसलं आणि तरी त्याच्या पिनेवर वीज आली नाही, तर मात्र हेडक्लार्कला निलंबित करावं. निर्दोष ठरवायची माझी हौस इतकीही नाही. ‘मग सरळ दुसरा लावून बघायचा की, कुर्ल्याच्या भंगारात स्वस्त मिळतो’ हा आक्षेप खिशातून येतो, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. पण बीसीएम हा बल्ब नव्हे. जुन्या डब्यात जुन्या गाडीचा चासी नंबर आणि जुन्या मालकाच्या चाव्या बसलेल्या असू शकतात. आपली चावी त्याला परकी वाटली तर गाडी सुरूच होत नाही आणि टोचन करून न्यावी लागते. वरच्या मॉडेलचा डबा साध्या गाडीत बसला तर तो नसलेल्या फॉगलॅम्पची तक्रार करत बसतो. आणि मूळ गळती तशीच राहिली तर नवा कोरा डबाही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने जातो. तेव्हा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवायचा, बॅटरीचं ऋण टोक सोडून मगच कपलर काढायचे, नवा डबा बसला की गाडीच्या प्रकाराप्रमाणे कोडिंग करायचं आणि घरातल्या सगळ्या चाव्या एकदमच शिकवायच्या. अनेक गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली चावी नंतर चालत नाही. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबा जन्मतःच निकामी होऊ शकतो.

राहिला शेवटचा आक्षेप: प्रवासात एवढं कोण लक्षात ठेवणार? लक्षात ठेवू नका, टोलच्या पावतीमागे लिहा: कुठे, पाऊस होता का, खड्डा होता का, वळण कुठल्या बाजूला, ब्रेकवर पाय होता का. गॅरेजात ‘बीसीएम गेलाय’ असं सांगू नका, ती पावती द्या. आणि तरीही बदललाच, तर बिलावर पार्ट नंबर आणि कोडिंग केल्याची नोंद लिहून घ्या, जुना डबा मागून घ्या आणि काचेखालच्या जाळीतली पानं स्वतःच्या हाताने काढा.