काकांना कुणी फसवू शकत नाही

जयपूरच्या बापू बाजारात दिवाळीच्या सुट्टीत एक गिऱ्हाईक हमखास उगवतं. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टूरवाल्यांनी दिलेली टोपी आणि चेहऱ्यावर ‘आम्हाला शिकवू नका’. हे काका. कधी पुण्याचे, कधी ठाण्याचे. पत्ता बदलतो, काका तेच.

सकाळी हवामहालासमोर त्यांनी गाइडला गप्प केलेलं असतं. “पिंक किधर है? ये तो गेरू है!” १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर रंगवलं, तेव्हा खुद्द युवराजानेही ही शंका काढल्याचं ऐकिवात नाही. (खरं तर रंगाबाबत काकांचं बरोबर आहे. दिवसभरात एवढंच.)

दुपारी रजईचं दुकान. सेल्समन रजई फुलवून अंथरतो. “पाव किलो रुई, बाबूजी. एकदम हलकी.”

“सिर्फ पाव? हमारा गादीवाला चार किलो डालता है!”

थोडक्या कापसात ऊब आणायची, तो पिंजून पिंजून मोकळा करायचा, यातच जयपुरी रजईचं कसब. पण काका खिशातून विमानाच्या बॅगा तोलायचा काटा काढतात, रजई आकड्याला लटकवतात आणि आकडा काकूंना दाखवतात, चोर पकडल्यासारखा.

मग छपाईची तपासणी. चष्मा कपाळावर, नाक कापडाला. “ये देखो, ठप्पा सरक्या है. डिफेक्ट!”

लाकडी ठशाने हाताने छापलेल्या सांगानेरी कापडावर ठसा कुठेतरी केसभर सरकतोच. हातकामाची ओळखच ती. दुकानात नवा लागलेला पोरगा हे समजावून सांगायला जातो आणि अर्धा तास घालवतो. वर ‘ग्राहक मंच’ हा शब्द ऐकतो. मुरलेला सेल्समन हात जोडतो. “नजर है आपकी, बाबूजी!” आणि खालच्या फळीवरून मशीनवर छापलेली काढतो. बुट्टी कशी, पट्टीने आखल्यासारखी. काका खूश.

“अहो, पहिलीच छान होती,” काकू म्हणतात.

“तुला यातलं कळत नाही.”

पुढे घनघोर घासाघीस. काका दोनदा पायरी उतरतात, दोनदा परत चढतात आणि मशीनच्या रजईची किंमत अखेर हातछपाईच्या किमतीपर्यंत खाली आणतात. वर पिशवी फुकट उकळतात. सेल्समन इतका पडेल चेहरा करतो, की काकांना क्षणभर त्याची दया येते.

तिथून ब्लू पॉटरी. काका बशीवर टिचकी मारतात, कान लावतात. “मिट्टी कच्ची है.”

ब्लू पॉटरीत मडक्याची चिकणमाती नसतेच. गारेची पूड आणि काच मळून ती घडवतात. हा दुकानदारही मुरलेलाच. “सही पकड़ा, बाबूजी,” म्हणत तो त्याच चळतीतली खालची बशी वर काढून देतो. काका टिचकी मारतात.

“हां. ये पक्की है!”