कोण? कसली?

पुण्यात तळमजल्यावर फ्लॅट घेतला की त्यासोबत दहा बाय बारा फुटांची बाग आणि एक शेजारीण मिळते. बागेचे पैसे चौरस फुटावर मोजावे लागतात. शेजारीण फुकट असते. आमच्या काकूंची खुर्ची कुंपणाच्या जाळीला टेकूनच असायची. मी मंडईतून आलो की नुसत्या पिशवीच्या फुगवट्यावरून आत गवार आहे की घेवडा, हे त्या सांगायच्या. कधी चुकल्या नाहीत.

शेवटी जाळीवर वेल सोडायचं ठरवलं. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बंगल्यांवर हनीसकल चढलेली असते, म्हणून नर्सरीत ऐटीत तीच मागितली. माळ्याने एक रोप पुढे केलं. घरी बायकोने पान उलटून पाहिलं आणि निकाल दिला, "ही मधुमालती. आमच्या आजोळी न्हाणीवर होती." खरी हनीसकल वेगळ्याच कुळातली. पण मधुमालतीलाही इंग्रजीत काही जण चायनीज हनीसकल म्हणतात, त्यामुळे माळ्याशी भांडायचीही सोय राहिली नाही.

पहिले काही महिने ती झुडपासारखी गप्प बसली. मग सुटली. तिचं पान गळतं, पण देठ मागे राहतो आणि टणक होऊन आकड्यासारखा वळतो. त्या आकड्याने तिने जाळी धरली, दोरी धरली, वाळत घातलेला माझा बनियन धरला. दुसऱ्या पावसाळ्यात जाळी दिसेनाशी झाली. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, पुढे गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. हे मला पलीकडून काकूंनी सांगितलं. ऊन त्यांच्या बाजूला, म्हणून फुलंही तिकडेच. लांब नळ्यांच्या त्या फुलांच्या वेण्या गुंफून त्यांची नात शाळेत जायची. माझ्या वाट्याला काटक्या आणि मुंग्या.

पण आडोसा झाला आणि खरा घोळ तिथेच झाला. आधी जे काकूंना बघून कळायचं, ते आता विचारावं लागायचं. "कोण आलं हो?" "चार शिट्ट्या झाल्या, पाहुणे का?" "आत्ता शिंकलं कोण?" मी पानांआड बसून साक्षीदारासारखी उत्तरं द्यायचो.

वैतागून एकदा वेलीचं शास्त्रीय नाव शोधलं. क्विस्क्वालिस! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? कसली?' सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियस या अभ्यासकाने तिच्या 'उदानी' या मलय नावावर डच भाषेत कोटी केली आणि तिचं लॅटिन करून टाकलं. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला कॉम्ब्रेटम वंशात घातलंय म्हणे. नाव बदललं म्हणून खोड जाते होय? चौकशा थांबवायला मी नेमकी चौकशीच लावली होती.

बहर ओसरल्यावर छाटणीचं निमित्त करून मी कात्री घेतली आणि चेहऱ्याच्या उंचीवर ताटाएवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आलो, तर काकू हजर.

"गवार," त्या म्हणाल्या.

"घेवडा."

त्यांचा चेहरा पडला. "सवय मोडली हो माझी."

त्यानंतर मी पिशवी जरा उंच धरूनच येतो.