मार्गशीर्षातली टर्की

(रंगमंचावर टेबल. त्यावर कांद्यांचा ढीग, परात, सुरी. मागे भिंतीवर कालनिर्णय. पंचेचाळिशीची बाई ॲप्रनला हात पुसत येऊन बसते. डोळे लाल.)

रडत नाहीये मी. कांदा आहे. लगेच ‘काय गं बाई, घरी सगळं बरं आहे ना’ असे चेहरे करू नका. घरी सगळं बरं आहे. शेजारी टर्की आहे, एवढंच.

देश नव्हे, पक्षी! चौदा पौंडांचा. म्हणजे सव्वासहा किलो. आमच्या कोल्हापुरात एवढ्या वजनाच्या पोराचं जावळ काढतात. इथे शिकागोत त्याला उताणं पाडून आत मसाला भरतात.

आता अमेरिकन माणसाचं एक बघा. थँक्सगिव्हिंग म्हणून त्यांचा एक सण. लिंकनने 1863 मध्ये देशभर जाहीर केला आणि 1941 मध्ये काँग्रेसने, त्यांच्या काँग्रेसने, कायदा करून दिवस पक्का केला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अरे, बुधवार केला असता तर काय बिघडलं असतं? बुधवारी मटणाचं आमंत्रण म्हटल्यावर कोल्हापूरकर कर्ज काढून येतो. पण नाही. गुरुवार! आणि 2025 ला तो आला सत्तावीस तारखेला. (कालनिर्णयावर बोट ठेवून) मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात घट मांडलाय, लक्ष्मीला गजरा घातलाय, पोथी आत्ता कुठे मिटतेय, तेवढ्यात शेजारून आपांचा फोन. ‘बहन, जल्दी आओ, परिंदा फ्रिज से निकल आया है!’

आपा कराचीच्या. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे भाईजान, लाहोरचे. आणि भाईजानांच्या अम्मी... (उठून उभी राहते, पदर सावरल्यासारखं करते) अम्मींचं नाव निघालं की मी अशीच उभी राहते. लाहोरहून येऊन घरात असतात. ऐंशीच्या पुढे वय, कान अधू, पण पातेल्यात मीठ कमी पडलं तर वरच्या मजल्यावरून कळतं.

परिंदा आणला होता डेव्हन ॲव्हेन्यूवरून. हलाल टर्की आधी सांगून ठेवावी लागते. या डेव्हन ॲव्हेन्यूचं एक सांगते. त्या रस्त्याच्या एका टप्प्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव दिलंय आणि दुसऱ्या टप्प्याला मोहम्मद अली जिना वे. खरंच! पाट्या आहेत. फाळणी इथेही झालीय, पण मधे सिग्नल आहे. आणि पार्किंग दोन्हीकडे मिळत नाही.

तर मी गेले. दारातच सांगून टाकलं, ‘आपा, आज माझा उपास आहे. मांसाला हात लावणार नाही, चव बघणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन.’

आपा म्हणाल्या, ‘रोजा? पानी भी नहीं?’

‘नाही नाही, पाणी चालतं.’

‘अच्छा. और चाय?’

‘चहा चालतो.’

‘दूध?’

‘दूध, फळं, शेंगदाणे, साबुदाणा, रताळं, बटाटा...’

अम्मी सोफ्यावरून म्हणाल्या, ‘बेटी, तो फिर नहीं क्या चलता?’

(प्रेक्षकांकडे) बारा-पंधरा तास घोटभर पाणी न पिणाऱ्या बाईला साबुदाण्याच्या खिचडीचं धार्मिक महत्त्व समजावून सांगून बघा एकदा. त्यात तूप किती घालतो हे मी सांगितलंच नाही.

म्हणून माझ्या वाट्याला कांदा आला. पाकिस्तानी स्वयंपाकात कांदा चिरायचा म्हणजे कागदासारखा पातळ, आणि तळायचा बदामी होईपर्यंत. कुरकुरीत! एक सेकंद जास्त झाला की काळा आणि कडू, मग चिरा परत.

आता मुख्य भांडण. ईदला त्या घरात भांडण नसतं. शीरखुर्मा अम्मींचा, विषय संपला. कारण अम्मींच्या अम्मींनी तसा केलेला असतो. आमच्याकडे नाही का, पुरणात जायफळ की वेलची, हे सासूच्या सासूने ठरवून ठेवलेलं असतं. पण टर्की? टर्कीला आजीच नाही हो! लाहोरात कुणाच्या आजीने टर्की केली नाही, कराचीत केली नाही, कोल्हापुरात तर नाहीच नाही. आणि ज्या पदार्थाला आजी नसते त्यात घरातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो.

अम्मी म्हणाल्या, दही, आलं-लसूण आणि कच्ची पपई लावा, एरवी हा दगड शिजायचा नाही. आपा म्हणाल्या, पोटात कराची बिर्याणी भरू, आलुबुखारे घालून, बटाटे घालून. बटाटा म्हटल्याबरोबर अम्मींचा कान ठणठणीत बरा झाला. ‘बिरयानी में आलू? क्यों, गोश्त कम पड़ गया था?’ यावर आपा तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, ‘लाहोरकर ज्याला बिर्याणी म्हणतात त्याला आम्ही पुलाव म्हणतो.’ लग्नाला वीस वर्षं झाली, काश्मीर एक वेळ सुटेल, हा बटाटा सुटायचा नाही.

तेवढ्यात भाईजानांचे मित्र आले. क्वेट्टाचे. ते म्हणाले, मसालाच नको. आमच्या बलुचिस्तानात सज्जी करतात, अख्खा बकरा, नाहीतर अख्खी कोंबडी, नुसतं मीठ लावून निखाऱ्यांच्या कडेने उभी करायची. आणि परसात खड्डा खणायला निघाले! बाहेर बर्फ. सोसायटीचा नियम असा की कपडे वाळत घातले तरी पत्र येतं. यांना अख्खी टर्की उभी करायचीय.

मग भाईजानांनी सगळ्यांना गप्प करून खिशातून शान मसाल्याचं खोकं काढलं.

बघा हं, गंमत आहे. कराचीत शान मसाला सुरू झाला 1981 साली. आणि अमेरिकेत टर्की विकणाऱ्या एका कंपनीने गोंधळलेल्या लोकांसाठी फोनवर सल्ला द्यायला सुरुवात केली, तीही 1981 सालीच! भाईजानांनी त्या हेल्पलाईनला फोन लावला. बाई फार गोड. म्हणाली, ‘सर, पक्ष्याला काय लावलंय?’ भाईजान सांगायला लागले. दही, पपई, लसूण, धने, जिरं, मोठी वेलची, जावित्री, लाल मिरची, सुंठ... बाई गप्प. भाईजान म्हणाले, ‘हॅलो?’ बाई म्हणाली, ‘सर, आम्ही साधारणपणे लोणी सांगतो.’

(हळूच) मला विचाराल तर त्याला हवा होता कांदा-लसूण मसाला. माझ्या पर्समध्ये पुडी होती. कोल्हापूरची बाई विमानात पासपोर्ट विसरेल... जाऊ दे. मी हात लावायचा नाही म्हटलं होतं. चमच्याला हात लावला. चमच्याने काय केलं ते लक्ष्मीला माहीत.

शेवटी सगळ्यांचं ऐकलं. म्हणजे कुणाचंच नाही. पपईपण, पुडीपण, पोटात बिर्याणीपण. ओव्हन सव्वातीनशे फॅरनहाइटवर. आणि अमेरिकेत थर्मामीटर खुपसून बघायचं, आत एकशे पासष्ट झालं की खायला सुरक्षित. अम्मी म्हणाल्या, ‘बुखार देख रहे हो क्या?’ त्यांनी नाक ओव्हनपाशी नेलं, डोळे मिटले, म्हणाल्या, ‘आधा घंटा और.’ अर्ध्या तासाने काटा बरोब्बर एकशे पासष्टवर!

पण या पक्ष्याची मुळात एक खोड आहे. मांडी शिजेपर्यंत छाती वाळते. त्यावर ना लाहोरकडे औषध आहे ना कोल्हापूरकडे.

टेबल मांडलं. टर्की मधोमध. बाजूला क्रॅनबेरीची चटणी, लग्नातल्या आलुबुखाऱ्याच्या चटणीसारखी केलेली, कलौंजी आणि लाल मिरची घालून. मुलांच्या हट्टाखातर अमेरिकन फरसबीचं कॅसरोल, त्यावरही तळलेला कांदा. 1955 साली एका सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा बनलं म्हणे, म्हणजे तिथेही कुणीतरी माझ्यासारखी रडली असणार. सगळ्यांनी ताटं भरली. मी आपली पाण्याचा ग्लास घेऊन कोपऱ्यात. क्रॅनबेरी फळ आहे, चालेल का, असा विचार करत. पोथीत क्रॅनबेरीबद्दल काही लिहिलेलं नाही.

तेवढ्यात अम्मी स्वयंपाकघरातून आल्या. हातात वाफाळती ताटली. माझ्यासमोर ठेवली. बटाटे! तुपात, जिरं आणि हिरवी मिरची. ‘नई कड़ाही में बनाए हैं,’ म्हणाल्या, ‘प्याज़ नहीं, लहसुन नहीं. नमक खेवड़ा का है.’ आता बघा, माझी आई उपासाला जे सैंधव वापरायची, तसंच मीठ त्यांच्या पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीत निघतं.

आपा खुर्चीवरून उठल्याच. ‘अम्मी! आपने आलू बनाए? अपने हाथ से?’

अम्मी म्हणाल्या, ‘बिरयानी में थोड़े ही डाले हैं.’

मी पहिला घास घेतला. टेबल शांत. सगळे आपापल्या ताटातली टर्कीची छाती चावतायत... चावतायत... चावतायत. आणि बघतायत माझ्या ताटलीकडे. क्वेट्टाचे अंकल म्हणाले, ‘सिर्फ नमक, मैंने कहा था.’ आपा म्हणाल्या, ‘बहन, एक आलू...’ भाईजानांनी काटा पुढे केला. माझा नवरा, टर्कीची अख्खी तंगडी हातात धरून, मला म्हणतो, ‘अगं, एक दे ना.’

(ताटली छातीशी धरते.)

दिला नाही. उपास माझा होता.

(अंधार.)